वूशिया: चिनी तलवारबाज हवेत उडतात, पण प्रश्न शिरूर-दौंडचाच विचारतात

रात्री जेवणं उरकली की मोबाईल हातात येतो, आणि स्क्रोल करता करता एखादा चिनी पिक्चरचा तुकडा समोर येतो. बांबूचं बन, लांब झग्यातली दोन माणसं, हातात तलवारी. दोघं बांबूच्या शेंड्यावर उभी राहून लढतायत, खाली पडायचं नावच नाही. डबिंग हिंदीत असतं. कमेंटमध्ये न्यूटनची थट्टा चाललेली असते. तरीही माणूस व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो आणि पुढचा भाग शोधतो.

या प्रकाराला चिनी भाषेत ‘वूशिया’ म्हणतात. गेल्या दोन वर्षांत चिनी कल्पनाविश्वाची चर्चा जगभर वाढली आहे. ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा गेम २०२४ मध्ये आला आणि गाजला. ‘न झा २’ हा चिनी सिनेमा २०२५ मध्ये जगात सर्वाधिक कमाई करणारा अॅनिमेशनपट ठरला. या दोन्हींत देव-दानव आहेत, म्हणजे काटेकोरपणे ती वूशिया नाही, सख्खी चुलत बहीण म्हणता येईल. पण त्याच २०२५ मध्ये जिन योंग यांच्या गाजलेल्या कादंबरीवर त्सुई हार्क यांचा नवा सिनेमाही आला, आणि ती मात्र अस्सल वूशिया होती.

मग प्रश्न पडतो की ज्या गोष्टीत ना आपला देश आहे, ना आपली भाषा, ती पुणे जिल्ह्यातल्या पोरालाही का धरून ठेवते? याचं उत्तर मारामारीच्या मागे आहे. आणि ते समजून घ्यायला चीनइतकाच शिरूर-दौंडचा इतिहास उपयोगी पडतो.

वूशिया म्हणजे नेमकं काय?

‘वू’ म्हणजे युद्धकला. ‘शिया’ म्हणजे आपली ताकद दुसऱ्याच्या अडचणीत वापरणारा माणूस. (मुस्लिमांतल्या शिया पंथाशी या शब्दाचा काही संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा आहे.) म्हणून नुसती कराटे-कुंगफूची गोष्ट वूशिया होत नाही. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ हा १९७३ चा सिनेमा कुंगफूपट आहे. वूशियात जुना काळ लागतो, तलवार लागते, आणि मुख्य म्हणजे सरकारी नोकरीत नसलेला, कुणाचा हुकूम न मानणारा पण स्वतःचा शब्द मोडणार नाही असा नायक लागतो.

हा नायक जिथे वावरतो त्या जगाला ‘च्यांगहू’ म्हणतात. शब्दशः अर्थ नद्या आणि तळी. प्रत्यक्षात हे म्हणजे राजदरबार आणि कोर्टकचेरीच्या बाहेरचं जग. खानावळी, घाट, मठ, फिरते औषधवाले, भिकाऱ्यांच्या टोळ्या, चोर, साधू. इथे फौजदार पोहोचत नाही. इथे चालतो तो शब्द, गुरूचं नाव आणि माणसाची पत.

दोन हजार वर्षांपूर्वीची तक्रार

ही कल्पना सिनेमावाल्यांनी काढलेली नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हान फेई नावाचा राज्यनीतीचा अभ्यासक होऊन गेला. त्याची तक्रार होती की दोन जातीची माणसं राज्याला त्रास देतात. एक, लेखणीच्या जोरावर कायद्यावर प्रश्न विचारणारे विद्वान. दोन, तलवारीच्या जोरावर कायदा मोडणारे शिया. त्याच्या मते दोघांनाही आवरायला हवं होतं.

पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सिमा छियेन या इतिहासकाराने उलट बाजू मांडली. चीनचा इतिहास लिहिताना त्याने भटक्या शियांवर वेगळं प्रकरण लिहिलं. कायद्याच्या दृष्टीने ते गुन्हेगार असतील, पण दिलेला शब्द पाळतात, दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालतात आणि केलेल्या उपकाराची बढाई मारत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. सिमा छियेनला हे का वाटलं असेल? एका पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राटाने त्याला खच्चीकरणाची शिक्षा दिली होती. पैसे भरून ती टळली असती, पण त्याच्याकडे तेवढे नव्हते आणि एकही मित्र पुढे आला नाही. अडचणीत धावून येणाऱ्या माणसाची किंमत त्याला पुस्तकातून कळलेली नव्हती.

त्याच प्रकरणात कुओ श्ये नावाच्या एका शियाची हकीकत आहे. त्याच्या भाच्याने एकाला जबरदस्तीने दारू पाजायचा प्रयत्न केला. भांडण झालं आणि त्या माणसाने भाच्याला मारलं. मामा एवढा दबदब्याचा, तेव्हा सूड ठरलेला. पण मारणारा स्वतः कुओ श्येसमोर आला आणि खरं काय ते सांगितलं. कुओ श्येने ऐकून घेतलं, चूक भाच्याचीच आहे असं म्हटलं आणि त्याला जाऊ दिलं. या एका निर्णयाने त्याचं नाव आणखी मोठं झालं.

त्याचा शेवट मात्र वाईट झाला. एका विद्वानाने त्याच्यावर टीका केली, तेव्हा कुओ श्येच्या एका समर्थकाने त्या विद्वानाला मारून टाकलं. कुओ श्येला याचा पत्ताही नव्हता. पण दरबारातल्या मंत्र्याचा युक्तिवाद असा की याच्या नावावर, याला न विचारता माणसं मारली जातात, हे याने स्वतः मारण्यापेक्षा भयंकर आहे. कुओ श्ये आणि त्याचं कुटुंब संपवण्यात आलं.

वूशियातला सगळा पेच या एका हकीकतीत आहे. कायदा दुबळ्याला वाचवत नसेल तर बलवानाने मध्ये पडावं का? आणि तो मध्ये पडला, तर त्याला कोण आवरणार?

या जगाचे नियम

वूशियाचं उत्तर आहे, नियम. पहिला नियम, ताकद फुकट मिळत नाही. नायक वर्षानुवर्षं गुरूकडे पाणी भरतो, लाकडं फोडतो आणि मग एखादा डाव शिकतो. आपल्याकडे तालमीत वस्ताद नव्या पठ्ठ्याला आधी हौद खणायला लावतो, माती मऊ करायला लावतो. हे बघितलेल्याला ती गोष्ट ओळखीची वाटते.

दुसरा नियम, हिशेब. च्यांगहूत प्रत्येक माणूस दोन प्रकारचं देणं घेऊन फिरतो, उपकाराचं आणि वैराचं. दोन्ही फेडावं लागतं. पण वैर फेडताना नवं वैर तयार होतं, आणि मुलं बापाचं देणं पुढे ओढत बसतात. चांगल्या वूशिया कादंबरीत शेवटी कुणीतरी ही वही बंद करायचं धाडस करतो. यात बौद्ध विचार आहे. वाकणारा बांबू मोडत नाही, रिकामं मन भरलेल्या मनापेक्षा चपळ असतं, हा ताओ विचार आहे. आणि न्यायाची चाड, ज्याला चिनी लोक ‘यी’ म्हणतात, हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतला भाग. हवेत उडणं हे या सगळ्याचं चित्र आहे. ज्याने स्वतःचं ओझं कमी केलं, तो हलका होतो.

जिन योंग (१९२४–२०१८) यांनी हे सगळं आधुनिक वाचकापर्यंत नेलं. हाँगकाँगमध्ये वर्तमानपत्र चालवणाऱ्या या पत्रकाराने १९५५ ते १९७२ या काळात वर्तमानपत्रांतून क्रमशः कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा सर्वांत लाडका नायक कुओ चिंग हा बुद्धीने मंद आहे. त्याला डाव उशिरा कळतात, पण एकदा दिलेला शब्द तो सोडत नाही. हुशार खलनायकांपुढे हा मंद पोरगा जिंकतो, आणि सामान्य वाचक तिथेच त्याच्या प्रेमात पडतो.

आता शिरूरला या

१८७० च्या दशकात शिरूर आणि भीमथडी तालुक्यांतला शेतकरी कर्जात बुडालेला होता. (आजच्या दौंड तालुक्याचा मोठा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात होता.) अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला.

आणि एक कायदा उलटला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चालेल असं ठरवलं. हेतू होता व्याज साठू नये. झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, त्यात जुनं व्याज मुद्दलात धरायचा. लिहिता-वाचता न येणारा शेतकरी अंगठा द्यायचा. मग कोर्टात रोखा बोलायचा, शेतकऱ्याचं कुणी ऐकायचं नाही. कायदा होता, कोर्ट होतं, आणि न्याय मात्र कागद ज्याच्याकडे त्याचा होता.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने कर्जदार देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडलं. गावाने तलवार उचलली नाही. गावाने बहिष्कार टाकला. सावकाराची जमीन कसायची नाही, पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही. हे लोण गावोगाव गेलं. १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी हिशेबाच्या वह्या व रोखे जाळले. तिथून दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. काही ठिकाणी घरं जळली, मारहाण झाली. पण बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती, रोखा द्या. सरकारने लष्कर बोलावलं, ९५१ माणसं पकडली गेली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

च्यांगहूतला हिशेब उपकाराचा आणि वैराचा असतो. सुप्याच्या बाजारात जळला तो खराखुरा हिशेब होता.

धामारीचा दरोडा

यानंतर १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. पुण्यात सरकारी लष्करी हिशेब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके यांनी गावोगाव फिरून उपासमार पाहिली. शिकलेल्या लोकांकडून मदत मिळेना, तेव्हा त्यांनी रामोशी आणि इतर समाजांतले जवान जमवले. फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी पहिला छापा टाकला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीवर. पैसा उभारायचा, फौज बांधायची आणि इंग्रज घालवायचा, असा बेत होता.

यापुढची गोष्ट कुठल्याही वूशिया लेखकाला आवडली असती. सरकारने फडक्यांच्या डोक्यावर इनाम लावलं, तर फडक्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम जाहीर केलं. त्यांचा साथीदार दौलतराव नाईक मे महिन्यात कोकणातून परतताना गोळीबारात मारला गेला. जुलै १८७९ मध्ये फडके विजापूरकडे पकडले गेले. त्यांना एडनला नेण्यात आलं, तिथेच १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

पण खऱ्या च्यांगहूत जे होतं तेही इथे झालं. फडक्यांना उठाव हवा होता, अनेक साथीदारांना लुटीतला वाटा हवा होता. ही खंत फडक्यांनी स्वतः आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. दुष्काळात पोट रिकामं असलेल्या माणसाने वाटा मागितला, यात नवल नव्हतं. आणि ज्यांच्या घरावर छापे पडले, त्यांच्या बायकापोरांनी त्या रात्री क्रांती पाहिली नाही, दरोडाच पाहिला. ही बाजू सिनेमात सहसा कापली जाते.

एकाच तालमीचे दोन पठ्ठे

वूशियात एक ठरलेला प्रसंग असतो. एकाच गुरूचे दोन शिष्य, पुढे दोन वाटा. पुण्यात गंजपेठेत लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांची तालीम होती. तिथे दांडपट्टा, कुस्ती, लाठी शिकवली जायची. या तालमीत फडके शिकले, तसे त्यांच्या आधी जोतीराव फुलेही शिकले होते.

फडक्यांनी तलवार घेतली. फुल्यांनी शाळा काढल्या, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि शेतकऱ्याला लुटणाऱ्या व्यवस्थेवर ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. लहुजींनी फुल्यांच्या शाळांच्या पाठीशीही ताकद उभी केली. हान फेईने दोन हजार वर्षांपूर्वी ज्या दोन माणसांची तक्रार केली होती, एक लेखणीवाला आणि एक तलवारवाला, ती दोन्ही माणसं एकाच मातीत तयार झाली होती.

मग बदल कुणामुळे झाला? १८७९ मध्येच दख्खन शेतकरी मदत कायदा आला. आता कोर्टाला नुसता रोखा बघून हुकूम देता येत नव्हता, त्यामागचा सगळा व्यवहार तपासायचा होता. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. दंगे झाले, चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल झाला, आणि मग कायदा. पुढे सावकारांनी खरेदीखतांच्या पळवाटा काढल्या, म्हणजे लढाई तिथेही संपली नाही. पण शेतकऱ्याच्या बाजूने कोर्टात बोलायला काहीतरी उभं राहिलं. करड्याचा बहिष्कार, सुप्यातली आग आणि फुल्यांची लेखणी, यातलं एक काढलं तर बाकीच्यांचा जोर कमी झाला असता.

खलनायक कोण, हे कोण ठरवतं?

१८७५ च्या दंग्यात रोख मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. चूक व्यवस्थेची होती, शेतसारा सरकारचा होता, कायदा सरकारचा होता. पण समोर दिसणारा माणूस दुकानदार होता आणि तो बाहेरून आलेला होता. दुसऱ्या बाजूला इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या कितीतरी समाजांवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली. पुढे मुंबई प्रांतातले समाजही त्यात आले. १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक सरकारी कागदात दरोडेखोर होते, आज गावोगावच्या फलकांवर आद्यक्रांतिवीर आहेत.

जिन योंग यांनी नेमका हाच विषय १९६७ ते १९६९ या काळात, चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ चालू असताना लिहिलेल्या एका कादंबरीत घेतला. तिच्यात ‘सज्जन’ म्हणून ओळखला जाणारा गुरू सत्तेसाठी सगळ्यांचा गळा कापतो आणि ‘सैतानी’ म्हणून हिणवलेल्या पंथात खरी मैत्री सापडते. पंथाच्या पाटीवरून माणूस ओळखू नका, एवढंच तिचं म्हणणं.

मराठीत याच्या जवळ जाणारी गोष्ट अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ मध्ये ‘फकिरा’त लिहिली. उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा मांग नायक. ज्याला सरकार गुन्हेगार म्हणतं त्याच्या बाजूने ती गोष्ट उभी राहते.

सरकारं या गोष्टींना का घाबरतात?

१९२८ मध्ये शांघायमध्ये लाल कमळ मठाच्या गोष्टीवरचा सिनेमा निघाला आणि इतका चालला की त्याचे भागावर भाग आले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी सरकारने अंधश्रद्धा पसरते म्हणून असल्या सिनेमांवर बंदी आणली. १९४९ नंतर कम्युनिस्ट चीनमध्ये वूशिया छापणं बंद झालं, जिन योंग यांची पुस्तकं तिथे अधिकृतपणे पोहोचायला १९८० चं दशक उजाडलं. तैवानमध्येही बरीच वर्षं त्यांच्यावर बंदी होती. दोन्हीकडची सरकारं एकमेकांची शत्रू, पण या एका बाबतीत एकमत.

आणि २००२ मध्ये झांग यिमोऊ यांचा ‘हिरो’ आला. त्यात मारेकरी जुलमी राजाच्या जवळ पोहोचतो आणि देश एक राहावा म्हणून त्याला सोडून देतो. सिनेमा देखणा आहे, पण शिया राजापुढे झुकला यावर वाद झाला. कारण शिया झुकला की वाचकाला वाटणारा आधारच जातो.

रीलमधला भाई आणि गोष्टीतला शिया

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीने या भागातल्या जमिनींचे व्यवहार बदलले. खासगी सावकारी संपलेली नाही, आणि तिच्या जोडीला मोबाईलवरचे लोन अॅप आले, जे हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू काढतात. अशा वेळी ‘भाई मॅटर मिटवतो’ हे वाक्य सोपं वाटतं. पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द बातम्यांत रुळला आहे. कोयता, संथ चाल, मागे गाणं असे रील बनतात आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्यात स्वतःला बघतात.

वरवर पाहिलं तर भाई आणि शिया सारखेच. दोघं कायद्याबाहेर, दोघांच्या मागे माणसं, दोघांच्या हातात हत्यार. फरक ओळखायला कुओ श्येची हकीकत पुरते. आपल्याच भाच्याची चूक आहे असं चारचौघांत म्हणणारा भाई कुणी पाहिला आहे का? शियाची ताकद आपल्या माणसालाही लागू होते, भाईची फक्त परक्याला. शिया मदत करून निघून जातो, भाई मदतीचा हप्ता लावतो. म्हणजे तो एका सावकारापासून सोडवून दुसऱ्याच्या ताब्यात देतो. आणि आपल्या नावावर दुसरी पोरं काय करतात याची जबाबदारी तो घेत नाही, जी कुओ श्येला जीव देऊन चुकवावी लागली.

१८७५ च्या शेतकऱ्यापुढे कोर्टात उभं राहायला काही नव्हतं. आजच्या माणसापुढे निदान महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ आहे. विनापरवाना सावकारी हा त्यात गुन्हा आहे. सावकारीत बळकावलेली जमीन चौकशीनंतर परत मिळवण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. ही वाट वेळखाऊ आहे, हेलपाट्यांची आहे आणि तिच्यावर रील बनत नाही.

शियाची खरी गरज इथे लागते. अर्ज करणाऱ्या माणसाबरोबर कचेरीत जाणारा, त्याला धमकी आली तर गावासमोर त्याच्या बाजूने उभा राहणारा, आणि काम झाल्यावर फ्लेक्स न लावणारा माणूस. करड्यात १८७४ मध्ये न्हाव्यापासून पाणक्यापर्यंत सगळ्या गावाने मिळून हे काम केलं होतं, आणि त्यासाठी त्यांच्यापैकी कुणालाही बांबूच्या शेंड्यावर उभं राहावं लागलं नव्हतं.